सोजरबाईचे स्वतःचे

"यावर तुमच्यापैकी एकीचाही विश्वास बसणार नाही," मी म्हटलं, "आणि बसूही नये. पण आबासाहेबांसारखा वाघ एका ताटापुढं गार पडलेला मी या दोन डोळ्यांनी पाहिलाय. तलवार नाही, कोर्ट नाही, पोलीस नाही. जेवायचं ताट!"

तुळशीची लग्नं नुकतीच होऊन गेली होती आणि आमच्या भांडारात लगीनसराईची गडबड सुरू झाली होती. भांडार म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, आत छपरापर्यंत ताटं, वाट्या, पातेली, काहिली. पोरी गोल करून बसून ताटं पुसत होत्या. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण चहा झालेला मला लांबून कळतो.

"तात्या, माझ्या आजोबांचं नाव घेतलंत," केतकी म्हणाली, "तर आता खरं तेवढंच सांगायचं."

"खरं तेवढंच सांगितलं तर चहा निवायच्या आत गोष्ट संपेल, बाई."

केतकी ही आबासाहेबांची नात. यंदा बायकांनी तिला भांडाराची चिटणीस केलंय. आबासाहेब गेले तेव्हा ती एवढीशी होती. तिला आठवतात त्यांच्या मिशा आणि खिशातली खडीसाखर. त्यामुळं त्यांच्याबद्दल काही निघालं की तिचे कान टवकारतात.

दाराशी, आमच्याकडं पाठ करून, सोजरबाई बसली होती. वाट्या निवडत होती. चेपलेली एकीकडं, धड एकीकडं. भांडारात तिच्याएवढं जुनं माणूस आता दुसरं नाही. पूर्वी मला "ओ तात्या" म्हणायची, हल्ली "कासारा" म्हणते. वय झालं की बायकांना असले हक्क आपोआप मिळतात. तिला अलीकडं ऐकू कमी येतं. गोष्टी सांगणाऱ्या माणसाला ही मोठीच सोय झाली आहे.

"ऐका तर," मी म्हटलं.

मी जातीचा कासार. भांडी विकायची आणि त्यांवर नावं घालायची, हा धंदा. आता मशीन आलंय, घुर्रर्र केलं की नाव तयार. माझ्या वेळी हातात छिन्नी, समोर हातोडी, आणि अक्षर काठावर असं उतरायचं की आंधळ्यानं बोट फिरवून वाचावं. माझी छिन्नी किती बारीक चालायची? एकदा झाऱ्याच्या दांड्यावर मी नवऱ्याकडची अख्खी मंडळी बसवली होती. ऐन वेळी मुलाचा मामा रुसला, तर त्याला झाऱ्याच्या भोकांमधून वाट काढत बसवला. अजूनही त्या घरात भजी तळली की मामाला चटका बसतो म्हणतात.

आता आपल्याकडची रीत बघा. लग्नात कुणी भांडं दिलं की त्यावर नाव हवंच. 'अमुक यांच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ तमुक यांजकडून'. वर तारीख. ते भांडं माळ्यावर जातं आणि तिथंच म्हातारं होतं. वापरायला जीव होत नाही, आणि दुसऱ्याच्या लग्नात खपवावं तर काठावर आत्याबाई बसलेली असते. गावातल्या प्रत्येक घराच्या माळ्यावर असा एक एक संसार झोपलेला होता.

आणि खाली मात्र कुणाकडं चार माणसं जेवायची म्हटली की आबासाहेबांच्या दारात उभं राहायचं. मांडव त्यांचा, भांडी त्यांची, आचारी त्यांचा, वाजंत्री त्यांचे. त्यांच्या मोठ्या काहिलीत एकदा म्हैस हरवली होती. चारी वाटांना माणसं पाठवली. म्हैस आपली काहिलीच्या तळाशी रवंथ करतेय.

"तात्या!" केतकी म्हणाली.

"बरं, रेडकू होतं."

अशात एका साली बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेतल्या मॅडम जीप घेऊन आल्या. मेघना मॅडम. बायकांनी मिळून काहीतरी धंदा उभा करावा, असा की त्यानं घरालाही हातभार लागेल आणि गावाचीही एखादी अडचण सुटेल, असं त्यांचं म्हणणं. बैठकीला जागा कुठली? देवळाचा सभामंडप आबासाहेबांच्या किल्लीत. मग हौसाआक्का म्हणाली, कासाराच्या ओट्यावर बसू. हौसाआक्का म्हणजे बायकांची म्होरकी. नात्यानं आबासाहेबांची चुलत भावजय, पण त्यांच्या किल्लीला न विचारणारी. अशा रीतीनं अख्खी योजना माझ्या ओट्यावर शिजली. मी दुकानात बसून कान तेवढा बाहेर ठेवला होता.

मॅडमनी रंगीत कागदाचे तुकडे काढले. मनात येईल ते सांगा, मी लिहिते, कुणी कुणाला हसायचं नाही, असा नियम.

"पापड," एकजण म्हणाली.

"विकत घेणार कोण? लाटतात सगळ्याच."

"मेणबत्त्या?"

"वीज गेली की आपलं गाव झोपतं."

"मग चटण्या?"

"तुझी चटणी खाल्ली की माणूस उठून बसतो, ती दवाखान्याला विकू."

हसायचं नाही हा नियम तिथंच मोडला. मॅडम चांगल्या होत्या. त्याही हसल्या आणि मग त्यांनी प्रश्न फिरवला. म्हणाल्या, "असं करू. प्रत्येकीच्या घरात आहे, पण नुसतं पडून आहे, असं काय आहे?"

"नवरा," हौसाआक्का म्हणाली.

मॅडमनी चेहरा गंभीर ठेवून ते गुलाबी कागदावर लिहिलं आणि माझ्या भिंतीला चिकटवलं. तो कागद पुढं कितीतरी दिवस तिथंच होता. माझी बायको काढू देईना.

हसणं ओसरलं तेव्हा ओट्याच्या पायरीवरून आवाज आला. "भांडी."

सोजरबाई. बौद्धवाड्यातली. ती ओट्यावर बसायला आलीच नव्हती, पायरीवर टेकली होती. हौसाआक्कानं दोनदा वर बोलावलं तर म्हणाली, हिथं वारं लागतंय.

"भांडी?" मॅडमनी विचारलं.

"मागल्या महिन्यात माझ्या पोरीचा साखरपुडा झाला," सोजरबाई म्हणाली. "आबासाहेबांकडं ताटं मागाय गेले. भाडं देणार हुते, फुकट न्हाई. त्यांचा दिवाणजी म्हणला, भांडी संपली. ढीग माझ्या डोळ्यांपुढं. मी म्हणलं, मग ही काय हायत? तर म्हणला, तुमच्यासाठी संपलेलीच हायत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"पावणे पत्रावळीवर जेवले. पत्रावळीला माझं काय म्हणणं न्हाई. पर ढिगाकडं बोट करून 'संपली' म्हणायचं?" तिनं पदर सारखा केला. "समद्यांच्या माळ्यावर भांडी पडल्यात. खाली आणली तर त्याच्याहून थोर ढीग व्हईल. आन् तिथं कुणाला 'संपली' म्हणायचं न्हाई. मागंल त्याला द्यायची."

"तर पोरींनो," मी म्हटलं, "ही कल्पना खरं म्हणजे मला आदल्या आठवड्यातच सुचली होती—"

दाराशी एक वाटी जरा जोरात आदळली. वाऱ्यानं असेल.

"—पण बाईमाणूस बोलतंय तर बोलू द्यावं म्हणून मी गप्प राहिलो."

मग काय विचारता! बैठकीमागून बैठक. भांडार घालायचं ठरलं. मॅडम प्रत्येक गोष्टीला "आणि मग?" विचारायच्या. भांडी कोण ठेवणार? आणि मग घासणार कोण? आणि मग चेपलं तर? चेपलं तर मी ठोकून देणार, हे माझ्या वतीनं हौसाआक्कानंच सांगून टाकलं. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे त्यांनी पुरं भाडं द्यायचं, ज्यांच्या दारात नुसती शेळी आहे त्यांनी झेपेल ते. मयताच्या कार्याला काहीच घ्यायचं नाही. आणि मागायला आलेल्याला 'कुठल्या आळीचा' हे विचारायचं नाही, हा सोजरबाईचा नियम. तो सगळ्यांत आधी मंजूर झाला.

एकच गोष्ट अडली. मॅडमनी विचारलं, "उद्या एखादीला आपली भांडी परत हवी झाली, तर एवढ्या ढिगात कुणाचं कुठलं हे ओळखायचं कसं?"

"अहो, नावं आहेत की!" मी दुकानातून ओरडलो.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खुणा करायला नकोत, रंग लावायला नको. हा प्रश्न मी पिढ्यान्पिढ्या आधीच सोडवून ठेवला होता. आम्हाला वाटलं, केवढी सोय! नाव असलं की ते दोन्हीकडून वाचता येतं, मालकाला तसंच जेवणाऱ्यालाही, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

हातगाडी घेऊन आळीआळीनं फिरलो. बायका माळ्यावरून भांडी खाली द्यायच्या आणि प्रत्येक भांड्याबरोबर त्याचं चरित्र. ही परात दिली त्या मावशीनं नंतर आठ वर्षं तोंड दाखवलं नाही. हा तांब्या दिला तो माणूस खरं तर मलाच बघायला आला होता, पण ते असू दे. एका घरातून तर इतकी पातेली निघाली की ती काढल्यावर माळा हलका होऊन घर वीतभर वर उचललं गेलं. पायरी नवीन बांधावी लागली.

"आमच्या घराला आहे तशी पायरी," एक पोरगी म्हणाली.

"मग! पुरावा आहे."

बौद्धवाड्यातून सोजरबाईनं स्वतः टोपलीत घालून ताटं आणली. ती ताटं माझ्या चांगली ओळखीची होती. दरवर्षी ऊसतोडीवरून आली की ती माझ्याकडून एक ताट घ्यायची. पहिलं घेतलं तेव्हा मी छिन्नी काढून विचारलं होतं, "कुणाकडून घालू?"

"कुणाकडून म्हंजे?"

"दिलं कुणी?"

"कुणी न्हाई. मी घेतलं."

"मग मालकाचं नाव घालू?"

"ओ तात्या, ताट माझं हाय. घाला, सोजरबाईचे."

मी तेवढं कोरलं. तिनं काठावर बोट फिरवलं, काय लिहिलंय ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं आणि म्हणाली, "पुढं 'स्वतःचे' पण घाला. न्हाईतर म्हणतील, कुणी दिलं असंल हिला."

माझ्या सगळ्या आयुष्यात हजारो भांड्यांवर मी 'यांजकडून' कोरलं. 'स्वतःचे' मी एकाच बाईच्या ताटांवर कोरलंय. 'सोजरबाईचे स्वतःचे'.

ती ताटं ढिगात इतरांसारखीच गेली. वर देशमुखांची आत्या, खाली सोजरबाई, मधे शिकलगारांचा जावई. ढीग तयार झाला तेव्हा त्याच्या लकाकीनं शेजारच्या गावात उजाडलं आणि तिथले कोंबडे दोनदा आरवले.

पहिलं लग्न हौसाआक्काच्याच घरचं, तिच्या थोरल्या मुलाचं. ती म्हणाली, दुसऱ्याच्या कार्यावर प्रयोग कशाला, माझ्याच दारात करू.

तिनं मांडव आबासाहेबांकडून घेतला नाही म्हटल्यावर आबासाहेब लग्नाच्या चार दिवस आधी स्वतः ढीग बघायला आले. मिशा इतक्या लांब की त्या आधी आल्या आणि ते मागाहून. मी वाट्या ठोकत होतो. हौसाआक्का आणि दोघीतिघी ताटं घासत होत्या, त्यात सोजरबाई.

"वहिनी, ढीग मोठा केलात," आबासाहेब म्हणाले.

"तुमच्या आशीर्वादानं, भाऊजी."

त्यांनी एक ताट उचललं, काठ वाचला, ठेवलं. दुसरं उचललं. तिसऱ्यावर थांबले. ते ताट त्यांनी दोन बोटांनी धरलं होतं.

"ही वेगळी ठेवा."

"कुठली?"

"कुठली ते कळतंय तुम्हाला."

"भाऊजी, मला तर सगळी ताटं गोलच दिसतात," हौसाआक्का म्हणाली.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. आबासाहेबांनी ताट खाली टाकलं. ते गरगर फिरलं आणि सोजरबाईच्या पायाशी जाऊन पडलं. तिनं उचललं, पुन्हा घासलं आणि ढिगावर ठेवलं.

"कासारा," ते माझ्याकडं वळले. "तुला वाचता येतं. तू वेगळी कर. नाहीतर घासून काढ नावं. तुझं दुकान कुणाच्या जागेत आहे, ते मी सांगायला नको." मग हौसाआक्काला म्हणाले, "तुमच्या दारात पहिल्या पंगतीला मानाचा पाट माझा. मी येणार. पण त्या ताटांतलं एक जरी पंगतीत दिसलं, तरी मी उठेन."

ते गेले.

"उठेन म्हणजे काय तात्या?" केतकीनं विचारलं. "उठले तर उठले."

तुम्ही आता बुफे जेवता, बायांनो. तुम्हाला पंगत काय कळणार! आपल्याकडं मानाचा माणूस न जेवता पाटावरून उठला, की सगळी पंगत उठायची. वाढलेलं तसंच टाकून. ज्या दारातली पंगत उठली त्या घराला कुणी पुढं मुलगी देताना विचार करायचं. आणि ज्या भांड्यांपायी उठली, ती भांडी पुन्हा कोण मागणार? एक माणूस उठला असता आणि आमचं भांडार उघडायच्या आधी बंद झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्या ओट्यावर बैठक. मॅडमनी खूप विचार केलेला दिसत होता. म्हणाल्या, "एक मार्ग आहे. बौद्धवाड्याच्याच ताटांवरची नको, सगळ्यांचीच नावं काढू. कुणाचंच नाव राहणार नाही. सगळ्यांवर एकच नाव घालू, महिला मंडळ. म्हणजे भेदच उरत नाही."

बोलणं वाईट नव्हतं. बऱ्याच माना हलल्या. मलाही पटलं, कारण एवढी नावं घालायची म्हणजे पुढची दोन वर्षं मला काम.

सोजरबाई पायरीवरच होती. म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? आबासाहेब आले नसते, तर पुसली असती नावं?"

मॅडमनी तिच्याकडं बघितलं. मग खरं ते बोलल्या. "नसती."

"मग समद्यांच्या नावाआडनं माझंच पुसताय की."

ती उठली. "माझा तुमच्यावर काय राग न्हाई. आक्काच्या पोराचं लगीन हाय, त्याला गालबोट नगं. माझी ताटं तेवढी मला परत द्या. मी नेते. पर पुसून देणार न्हाई."

"बस खाली," हौसाआक्का म्हणाली. "पायरीवर नाही, वर. इथं, माझ्याजवळ."

सोजरबाई उभीच.

"तुझी ताटं गेली तर माझीही गेली," हौसाआक्का म्हणाली. "मग काय उरलं? पुन्हा एक ढीग, आणि त्याच्यापुढं उभं राहून आपणच म्हणायचं, संपली! त्यापेक्षा आबासाहेबांचाच ढीग काय वाईट होता? एक ताट कमी होणार नाही. एक अक्षर पुसायचं नाही. लग्न माझ्या घरचं आहे, पंगत उठली तर माझ्या दारातली उठेल. ज्याला जेवायचं त्यानं जेवावं."

"आन् पोराला काय सांगशील?"

"तो त्याच्या बापासारखा आहे. पडून असतो. त्याला हळद लागल्यावर सांगीन."

सोजरबाई ओट्यावर येऊन बसली. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण दुकान माझं जाणार होतं. मी काय केलं असेल? मी छिन्नी उचलली, सगळ्यांना दाखवली आणि समोरच्या विहिरीत भिरकावून दिली! "या हातानं नाव घातलंय," मी गरजलो, "पुसणार नाही!"

दाराशी दोन वाट्या आदळल्या.

"तात्या," केतकी म्हणाली, "मग गेल्या महिन्यात माझ्या बहिणीच्या कळशीवर नाव कशानं घातलंत?"

"विहीर पुढं आटली."

लग्नाचा दिवस उजाडला. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली. मांडवात दोन्ही बाजूंनी पानं धरून... चुकलो, ताटं धरून माणसं बसली. मीही बसलो होतो, मधल्या रांगेत, मानाच्या पाटाच्या बरोबर समोर. ठरलं असं होतं की ढिगातून ताट उचलताना कुणी काठ वाचायचा नाही. हाताला येईल ते मांडायचं. त्याप्रमाणं पोरांनी मांडली. मानाच्या पाटापुढं नेमकं कुठलं ताट आलं आणि ते कसं आलं, यावर गावात आजही मतं आहेत. मी म्हणतो, योगायोग.

दाराशी कुणीतरी खाकरलं.

आबासाहेब आले, फेटा सावरून पाटावर बसले. भात पडला, वरण पडलं, तुपाची धार पडली, कडेला जिलबी. जेवणाआधीचा गजर झाला. सगळ्यांचे हात ताटाशी गेले आणि तिथंच थांबले, कारण आबासाहेबांचा हात थांबला होता. त्यांनी अंगठ्यानं काठावरचा भात हळूच बाजूला सारला. अंगठा एकेका अक्षरावरून गेला. अक्षर माझं होतं, आंधळ्यालासुद्धा कळावं असं.

त्यांनी मान वर केली. मांडवाच्या खांबापाशी हौसाआक्का उभी होती, आणि तिच्याजवळ पाण्याची घागर घेऊन सोजरबाई. दोघींनी नजर खाली केली नाही. अख्खा मांडव श्वास धरून बसला होता, वरचं कापडसुद्धा हलायचं थांबलं होतं...

मी थांबलो. चहाचा घोट घेतला. अशा ठिकाणी थांबावं लागतं.

"मग?" केतकीनं विचारलं. तिच्या हातातलं फडकं ताटावर तसंच राहिलं होतं. "मग आजोबांनी काय केलं?"

मी तिच्याकडं बघितलं. चेहरा तिच्या आजोबांचाच, फक्त मिशा नाहीत. एवढ्या आशेनं ती बघत होती की माझा कप हातात जड झाला.

"काय करणार?" मी म्हटलं. "जेवले."

"खरंच?"

"आधी एकदा सगळ्यांकडं बघितलं. मग म्हणाले, 'बघताय काय? भात निवतोय!' आणि मोठा घास घेतला. जेवले म्हणजे कसे जेवले! जिलबी दोनदा मागून घेतली. शेवटी असा ढेकर दिला की मांडवाचा एक खांब कलला. आणि हात धुताना माझ्याकडं आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'कासारा, माझंही एक ताट घे तुमच्या भांडारात. नाव घाल त्यावर.'"

पोरी हसल्या. केतकी तर अशी खुलली की काय सांगू! तिनं मान हलवली, ताट पुन्हा पुसायला घेतलं, अगदी हळुवार. गोष्ट छान बसली होती. मी कप खाली ठेवला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दाराशी वाट्यांचा आवाज बंद झालाय.

"खोटं," सोजरबाई म्हणाली.

ती वळून आमच्याकडं तोंड करून बसली होती. एवढी जोरात बोलली की शेडच्या पत्र्यात घुमलं.

"सोजरबाई, तुला नीट ऐकू—"

"समदं ऐकलं. म्हैस ऐकली, विहीर ऐकली, तुला आदल्या आठवड्यात सुचलेलं पण ऐकलं. ते खपवून घेतलं. हे न्हाई." ती केतकीकडं वळली. "पोरी, तुझा आजा जेवला न्हाई. हात झटकून उठला. आन् मांडवाच्या तोंडाशी जाऊन उभा ऱ्हायला, मागं वळून, पंगत उठती का बघत."

केतकीनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"न्हाई उठली. समद्यांत आधी ह्या कासारानं घास घेतला. निम्मा भात धोतरावर सांडला ह्याच्या. पर गिळला. मग ह्याच्या शेजारच्यानं घेतला, मग पलीकडच्यानं. दुकान गेलं ह्याचं त्यापायी. हे तेवढं कधी सांगत न्हाई, आन् म्हशी सांगत बसतो."

मी धोतराकडं बघत राहिलो.

"तुला वाईट वाटलं तर वाटू दे, केतके. तू माझी हायस, तो वेगळा, तू वेगळी. पर कासारा, तू ध्यानात ठेव. तो उपाशी गेला. त्याला माझ्या ताटात जेवू घालायचं न्हाई, गोष्टीत सुदीक न्हाई." तिनं पुढची वाटी उचलली, उजेडात धरून बघितली. "त्याच्या मोकळ्या पाटावर आक्कानं मला बसवलं. भात निवला हुता. पर मी जेवले, जिलबीसकट. ताट माझंच हुतं."